फोटोतला दाणा

परवा संध्याकाळी अमरावतीत वादळ सुटलं आणि लाईट गेली. हल्ली लाईट गेली की माणसं गांगरून जातात. कोणाच्या घरात मेणबत्ती सापडेल तर शपथ. आमच्या सुनेनं मोबाईल उचलला, मी अंधारात बसलेलो असतानाच माझा फोटो घेतला आणि माझ्यासमोर धरला. फोटोत चक्क दिवस होता. भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी वाचता येत होती, माझ्या कानावरचे केससुद्धा दिसत होते. "बाबा, पाहा, अंधार गायब," ती म्हणाली. मी जन्मभर लग्नाचे फोटो काढून पोट भरलेला माणूस. अंधाराशी भांडण्यात माझी हयात गेली, आणि हे तळहाताएवढं यंत्र त्याला टिचकीसरशी घालवतं. राग यायला पाहिजे होता. पण कौतुकच वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेखाचा फोन आला. तिचं लग्न मीच काढलं होतं. आमच्या धंद्यात लग्न 'काढतात', लावणारे वेगळे.

"काका, माय गेली त्याले आता वर्स होते," ती म्हणाली. "सराद्धाच्या दिवशी भितीवर फोटो लावाचा हाय. माझ्या लग्नातला तो ओटीचा. अल्बममधला लहान हाय ना, पुसटबी झाला. मोठा करून देता काय? दुसरा फोटोच नाई तिचा."

दुसरा नाही हे मला तिच्याइतकंच ठाऊक होतं. लग्नसराई सुरू झाली की दरवर्षी मला तो फोटो आठवतो. उन्हानं भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर पाणी शिंपडल्याचा वास, मांडवावरचे आंब्याचे डहाळे, मोठ्या गंजात रटरटणारी आलू-वांग्याची भाजी, आणि सूर्य कलला की कुठून तरी येणारा रॉकेलचा वास. त्या वर्षांची लग्नसराई मला रॉकेलच्या वासानंच आठवते, अत्तराच्या नाही.

भारनियमनाची वर्षं होती ती. वऱ्हाडाचं नाव रोज पेपरात येत होतं आणि चांगल्यासाठी येत नव्हतं. पाऊस यायचा तेव्हा नको तितका यायचा, कापूस बोंडातच काळा पडायचा, आणि पिकलाच तर त्याला भाव नसायचा. लाईट खेड्यात अर्धा दिवस नसे. तरी लग्नं थांबली नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं. एकाच मांडवात दोन बहिणी उजवल्या जात, बँडमधले डफडे आणि सनई तेवढे सांगितले जात, आणि पंगतीत बुंदीच्या जागी गुळाचा शिरा आला तरी कोणी नाक मुरडत नसे. दुपारच्या उन्हात मुहूर्त धरणं म्हणजे वऱ्हाडी लोकांना भट्टीत घालणं, म्हणून बहुतेक लग्नं गोरज मुहूर्तावर. आणि गोरजेलाच लाईट जायची. एका हातात पंचांग आणि दुसऱ्या हातात भारनियमनाचं वेळापत्रक घेऊन मुहूर्त काढणारे गुरुजी मी या डोळ्यांनी पाहिलेत.

त्या काळात बाहेरगावचे फोटोवालेही इकडं खूप यायचे. महागड्या गाड्या, खांद्यावर तोफेसारख्या लेन्सा. नांदगाव पेठेजवळच्या एका ढाब्यावर असा एक जण आम्हाला भेटला होता. सुतकी चेहऱ्यांचे फोटो काढायला आला होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं आपला कॅमेरा आमच्या हातात दिला, आम्ही दोघं लहान पोरांसारखे त्याची बटणं दाबत बसलो. "तुम्ही काय काढता?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "लग्नं." तो जरा चकित झाला. इथं लग्नंही होतात हे त्याला कोणी सांगितलं नसावं.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि नसीमआपा. आपाचा स्टुडिओ अकोल्यात जठारपेठेत, माझा अमरावतीत. तिच्या अब्बांचा स्टुडिओ होता आणि ती लहानपणापासून डार्करूममध्ये वाढलेली. "भाऊ, तुमी उजेडात जन्मले, मी अंधारात," असं ती मोठ्या तोऱ्यात सांगे. मुसलमानांच्या लग्नात बायकांकडचे फोटो काढायला बाईच लागे, तिथं तिला तोड नव्हती. हळूहळू हिंदूंच्या घरूनही बोलावणी येऊ लागली, कारण हळदीच्या, ओटीच्या वेळी माजघरात माझ्यासारखा मिशीवाला घुसला की बायका चिडीचूप होत. मग आम्ही ठरवून टाकलं: मोठं लग्न असलं की दोघांनी मिळून घ्यायचं. मांडव माझा, माजघर तिचं.

एकाच उन्हाळ्यात आम्ही दोघांनी डिजिटल कॅमेरे घेतले आणि दावा सुरू झाला. माझा एका कंपनीचा, तिचा दुसरीचा. सोयरिकीत मुलाकडचे आणि मुलीकडचे भांडावेत तसे आम्ही भांडलो. तिच्या स्टुडिओत लाईट गेली की काउंटरवर एक तांब्याचा गडू आणि एक लिंबू मांडायचं, मेणबत्ती लावायची, दोघांनी एकाच जागेवरून फोटो काढायचा आणि पाठीमागच्या त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर नाक लावून पाहायचं. बिना फ्लॅशचा अंधारातला फोटो पाहिजे तर कॅमेऱ्याची उजेडाची भूक वाढवावी लागते. त्या भुकेचा आकडा चारशे, आठशे, सोळाशे असा चढवत न्यायचा. आकडा चढला की फोटो उजळतो, पण त्यात बारीक ठिपके उठतात. पुण्यामुंबईचे लोक त्याला नॉईज म्हणतात. मुक्या फोटोत आवाज कुठून आला, ते त्यांचं त्यांना माहीत. आम्ही रीलच्या जमान्यापासून त्याला दाणाच म्हणत आलो. आपानं तर त्याची प्रतच लावली होती: चारशेला तीळ, आठशेला ज्वारी, सोळाशेला तूर.

आता खरं सांगतो. आठशेपर्यंत माझा कॅमेरा राजा होता. लिंबाचा पिवळा तो असा काही पकडायचा की तोंडाला पाणी सुटावं. तांब्यावरची तांबूस झाक, वरच्या काठावरची मेणबत्तीची उभी रेघ, सगळं जिथल्या तिथं. पण सोळाशेला त्याचं अवसान गळायचं. सावलीत लाल-निळे ठिपके सांडायचे, कोणी रांगोळीचे डबे लवंडून गेलं असं वाटायचं. तिचा कॅमेरा आठशेला फिका, लिंबू आजारी दिसायचं. सोळाशेला मात्र त्याचा दाणा एकसारखा, एकाच रंगाचा, भरल्या कणसासारखा. "दाना हाय, पन कचरा नाई," आपा म्हणायची. मी म्हणायचो, "आपा, सोळाशेची गरज पडते कोनाले? फ्लॅश कायले हाय मग?" त्या प्रश्नाचं उत्तर मला रेखाच्या लग्नात मिळालं.

मूर्तिजापूरच्या अलीकडं रेखाचं माहेर. आम्ही हळदीलाच जाऊन पोचलो होतो. मी हळदीचा पहिला फोटो काढायला कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवला आणि रेखाच्या आईला पाटापाशी बोलावलं, तर बाई जागेवर नाही. आत निघून गेली होती. थोड्या वेळानं हळदीनं माखलेली रेखा माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "काका, उद्या फ्लॅश नका मारू. तुमच्या पाया पडतो."

तिची आई अनसूयाबाई. सगळा गाव तिला अनसामाय म्हणे. तिला फिट यायच्या. एरवी गोळ्यांवर ठीक, पण लखकन उजेड डोळ्यांवर आला की झटका यायचा. दिराच्या लग्नात असंच झालं होतं. फोटोवाल्यानं तोंडासमोर फ्लॅश मारला आणि बाई भर मांडवात पडली. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल. तिला दुखापत काही झाली नाही, पण शुद्धीवर आल्यावर भोवती उभे असलेले पाहुणे तिनं पाहिले आणि तेव्हापासून धसका घेतला. कोणाच्याही लग्नात फोटोवाला पुढं झाला की ती माजघरात. घरात अल्बम दोन-तीन होते. त्यात सासू होती, नणंदा होत्या, कोणाकोणाचे बैलसुद्धा होते. अनसामाय कुठंच नव्हती.

"उद्या माय माझी ओटी भरन," रेखा म्हणाली. "तुमी फ्लॅश मारसान त ते येनारच नाई, काकूले धाडून देईन. मले ओटी मायच्याच हातची पायजे. अन् तिचा एक फोटो पायजे. जाताना मी काय घेऊन जाऊ तिचं?"

मी आपाकडं पाहिलं. आपा नुसती हसली. मी तिला विचारलेला प्रश्न तिला चांगलाच आठवत होता.

मग आपा माजघरात गेली आणि मला दारापर्यंत बोलावलं. अनसामाय चुलीपुढं बसून पोळ्या लाटत होती. काटक, सावळी बाई, कपाळावर मोठं कुंकू आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. ठिपके एका ओळीत नव्हते. मधला जरा घसरलेला होता. "गोंदताना मी हलली," असं तिनं पुढं आपाला सांगितलं.

मी दारातून म्हटलं, "माय, आमी फ्लॅश नाई मारत. कोनीच नाई मारनार. पन फोटो जरासा अंधारा येईन, अन् त्यात दाना येईन."

तिनं लाटणं थांबवलं. "दाना येईन?"

"हो. बिना फ्लॅशचा काढला की येतेच."

"येऊ दे ना बापा मग," ती म्हणाली. "वावरात त आला नाई यंदा, फोटोत तरी येऊ दे."

माजघरातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तीही हसली. तिला चुकीचं समजलं होतं की ती आमची फिरकी घेत होती, हे मला त्या दिवशीही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. मी तिला समजावत बसलो नाही.

लग्नाच्या दिवशी आपानं जे केलं ते पाहण्यासारखं होतं. पाहुण्यांपैकी काहींकडं रीलवाले लहान कॅमेरे होते. ती एकेकापाशी जाऊन गोड बोलली, एकेकाच्या कॅमेऱ्यातले सेल काढून घेतले आणि आपल्या ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवले. व्हिडीओवाल्याचा हॅलोजन भारनियमनानं आपोआपच बंद होता आणि जनरेटर सांगायची कोणाची ऐपत नव्हती. लाईट गेल्याचा आनंद झालेला माझ्या आयुष्यातला तो एकच दिवस. राहिला नवरदेवाचा मामा. त्यानं मला मांडवात धरलं. "फ्लॅश नाई मारत त फोटो काहाचे काढून राहिले तुमी? नवरदेव दिसाले नोको?"

मी काही बोलायच्या आत आपा मधे आली. "मामाजी, तुमचा दूल्हा एवढा गोरा हाय, फ्लॅश मारला त उडूनच जाईन. नुसते दात दिसतीन." मामा खूश. नवरदेव माझ्यापेक्षा काळा होता.

मंगलाष्टकं झाली तेव्हा अनसामाय रीतीप्रमाणे मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होती. मुलीचं लग्न लागताना आईनं पाहायचं नसतं. मला मात्र सगळी काळजी पुढची. ओटी माजघरात भरायची होती आणि तिथं एक कंदील आणि दाराच्या फटीतून येणारा संधिप्रकाश, बस. मी कॅमेरा डोळ्याला लावला. सोळाशेलासुद्धा अनसामाय इथं म्हणजे काळोखात एक कुंकू दिसणार.

तेव्हा मला बाजूची खोली आठवली. हा माझा मोठेपणा आहे आणि तो मी अजून कोणालाही सांगितल्याशिवाय सोडत नाही. भाव नव्हता म्हणून त्या घरानं सबंध कापूस त्या खोलीत भरून ठेवला होता. दारापासून आढ्यापर्यंत पांढरा ढीग. स्टुडिओत आम्ही चेहऱ्यावर उजेड परतवायला थर्माकोलचं पान धरायचो. इथं भिंतच्या भिंत होती. मी म्हटलं, ओटी इकडं भरा. रेखाचे वडील धावत आले. "अरे बापा, कंदील इकडं आनू नोका, कापूस हाय!" मग कंदील उंबऱ्याच्या अलीकडं, काचेसकट, त्यांच्याच हातात दिला. ते सगळा वेळ तो कंदील दोन्ही हातांनी धरून पुतळ्यासारखे उभे राहिले. गोठ्याकडचं दार आपानं सताड उघडलं. बाहेर आभाळाला शेवटची तांबूस झाक होती. ती कापसावर पडली आणि खोलीत कोणी दूध सांडल्यासारखा उजेड झाला. थोडाच होता, पण सगळीकडं होता.

अनसामाय आली. दोन्ही हातांत गहू, वर नारळ. दारात थबकली आणि तिनं आधी माझ्या कॅमेऱ्याकडं पाहिलं, डोक्यावर फ्लॅश नाही ना ते. मग आत आली. रेखानं पदर पुढं पसरला. तिनं गहू ओतायला सुरुवात केली. माझ्या कॅमेऱ्याची लेन्स अंधारात पुढं-मागं करत बसली, नव्या खुंट्याला बांधलेल्या गाईसारखी. तिचं लक्षच लागेना. मी बटण दाबत राहिलो. आपानं आपली लेन्स आधीच हातानं जुळवून ठेवली होती. ती दाराच्या चौकटीला खांदा लावून, श्वास धरून उभी होती. तिच्या कॅमेऱ्याचा आवाज मी एकदाच ऐकला.

माझे सगळे हललेले निघाले. तिचा एक. त्या एका फोटोत खाली पाहणारी रेखा आहे, ओतले जाणारे गहू आहेत, मागं कापूस आहे, एका बाजूला बापाच्या हातातला कंदील आहे. आणि मधोमध अनसामाय, मान वर करून लेकीच्या तोंडाकडं पाहत असलेली. फ्लॅश मारला असता तर ती नुसती पांढरी फटक दिसली असती आणि मागचं घर काळं. त्या फोटोत तिच्यासोबत तिचं घरही आलं. मी बऱ्याच वेळानं आपाला म्हटलं, "आपा, जिंकला बा तुमचा." ती म्हणाली, "कॅमेरा कायचा जिंकते भाऊ, माय बाहेर आली हे जिंकलं." पण खूश झाली होती. घरी जाईपर्यंत सेल परत करायचेच विसरली. ते ओढणीत बांधून अकोल्याला घेऊन गेली.

तर रेखाचा फोन ठेवून मी आपाला फोन लावला. तिनं स्टुडिओ बंद केला, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण जुन्या फायली जिथल्या तिथं. भाच्याकडून तिनं तो फोटो मला पाठवला आणि बजावलं, "जसा हाय तसाच द्या भाऊ. लिपापोती नोको." मी हो म्हटलं. आणि ऐकलं नाही. संगणकावर आता दाणा घालवायचं काय एकेक निघालं आहे. एक बटण दाबलं आणि तूर गेली, ज्वारी गेली, तीळसुद्धा गेला. मी स्वतःवरच खूश झालो. आपल्याला त्या दिवशी हे असतं तर, असं वाटून गेलं. फोटो रेखाला पाठवून दिला आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

तिचा फोन आला. "काका, हे कोन हाय?"

"कोन म्हनजे? तुही माय."

"हनुवटी पाहा ना."

मी फोटो मोठा केला. हनुवटी गुळगुळीत. यंत्रानं दाणा वेचता वेचता गोंदणाचे तिन्ही ठिपके वेचून नेले होते. त्याला बिचाऱ्याला काय कळणार, कोणता ठिपका अंधाराचा आणि कोणता अनसामायचा. मला तरी कुठं कळलं होतं. मी मुकाट्यानं आपाची फाईल उघडली. दाण्यांत डोळे खुपसून पाहिलं तर काहीच सापडेना, नुसती तुरीची रास. मग खुर्ची मागं सरकवली, आणखी मागं सरकवली, आणि ते तीन ठिपके हळूहळू वर आले. मधला जरा घसरलेला.

जसा होता तसाच मोठा करून दिला. रेखा स्वतः न्यायला आली, नवऱ्यासोबत. मी फोटो भिंतीशी टेकवून ठेवला होता. नवरा जवळ जाऊन म्हणाला, "काका, ठिपके ठिपके दिसून राहिले हो." ती म्हणाली, "तुमी मागं सरका." तो सरकला, मग आपणहून आणखी सरकला.

तिनं फोटोवरची काच पदरानं पुसली. मग म्हणाली, "काका, त्या दिवशी मी खालीच पाहून राहिली होती, गहू सांडतीन म्हनून. माय माझ्याकडे पाहून राहिली होती हे मले मालूमच नव्हतं. फोटो आला तवा समजलं."

तिनं फोटो आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि सुतळी बांधायला लागली. मी सवयीनं म्हटलं, काचेवर उजेड चमकतो, सराद्धाला पाहुणे मोबाईलनं फोटो काढतील, फ्लॅश मारतील, तर जरा आडबाजूच्या भिंतीवर लाव.

"मारू द्या काका," गाठ ओढत ती म्हणाली. "आता माय आत जात नाई."